परवलीची किल्ली

कुलपाला लोखंड लागते, परवलीला नुसती जीभ पुरते. म्हणूनच की काय, घरादाराच्या रक्षणासाठी माणसाने जितका भरवसा लोहारावर टाकला तितकाच शब्दावरही टाकला. रोमन सैन्याच्या छावणीत रात्रीची परवल लाकडाच्या लहानशा पाटीवर लिहून एका तुकडीकडून दुसरीकडे फिरविली जाई आणि अंधार पडण्यापूर्वी ती पाटी अधिकाऱ्याच्या हाती परत यावी लागे, असे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस याने नमूद केले आहे. पाटी परत आली नाही, तर ती कोणत्या तुकडीत अडकली याचा शोध तत्काळ होई. म्हणजे परवल फुटण्याची धास्ती दोन हजार वर्षांपूर्वीही होतीच.

या धास्तीच्या दोन कथा आमच्या वाचकांना लहानपणापासून ठाऊक आहेत. पहिली अलिबाबाची. चोरांच्या गुहेचे दार तिळाचे नाव घेताच उघडत असे. अलिबाबाने झाडावर बसून तो शब्द ऐकला व तो धनवान झाला. त्याचा भाऊ कासीम गुहेत शिरला, द्रव्य पाहून भांबावला, शब्द विसरला आणि प्राणास मुकला. परवलीच्या शब्दाला जडणारे दोन्ही रोग या एकाच गोष्टीत आले आहेत: जो ऐकू नये तो ऐकतो, आणि ज्याने विसरू नये तो विसरतो. दुसरी कथा जुन्या करारातील, शास्ते या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातील. यार्देनेच्या उतारावर गिलादाचे लोक पळून जाणाऱ्या एफ्राइमी माणसाला ‘शिब्बोलेथ’ म्हणावयास लावीत. त्याला ‘श’ म्हणता येत नसे. तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे आणि तेथेच सापडे. त्या प्रसंगातील भयंकर रक्तपात क्षणभर बाजूस ठेवून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. येथे शब्द गुप्त नव्हताच; पहारेकरी तो स्वतः उच्चारून दाखवीत होता. परीक्षा होती ती बोलणाऱ्याच्या अंगी असलेल्या, ऐकून चोरता न येणाऱ्या खुणेची.

गणकयंत्रांच्या जगाने प्रथम अलिबाबाचा मार्ग धरला. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या देखरेखीखाली अनेकांनी मिळून एकच यंत्र वापरण्याची एक पद्धत सिद्ध झाली. प्रत्येकाचे कागद दुसऱ्यापासून निराळे राहावेत म्हणून प्रत्येकाला एकेक परवलीचा शब्द देण्यात आला. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, अॅलन शेर नावाच्या संशोधकाला त्याच्या वाट्याचा वेळ अपुरा पडू लागला. त्याने त्याच यंत्राला सर्वांच्या शब्दांची यादी छापून देण्याची आज्ञा केली आणि यंत्राने ती मुकाट्याने छापून दिली. कित्येक वर्षांनी त्याने स्वतःच हा प्रकार सांगितला. कॉर्बाटो हे २०१९ साली निवर्तले. त्यापूर्वी पाच वर्षे त्यांनी परवलीच्या शब्दांचा पसारा हे आता एक दुःस्वप्न होऊन बसले आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. जनकानेच अपत्याविषयी असे म्हणावे, याहून अधिक ते काय बोलावयाचे!

दुःस्वप्न म्हणजे काय, ते गेल्या पावसाळ्यात आम्ही बेळगावात आमच्या घरापासून चार घरांवर पाहिले. तेथे एक सेवानिवृत्त सद्गृहस्थ राहतात. हिशेबात चोख, वागण्यात सावध, अनोळखी माणसाला दारातूनच वाटेला लावणारे. एका सायंकाळी त्यांच्या फोनवर संदेश आला की मागील बिल भरलेले नसल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडण्यात येईल. बाहेर पाऊस कोसळत होता आणि घरात पत्नी आजारी. त्यांनी संदेशातील दुव्यावर बोट ठेवले. समोर जे पान आले ते त्यांच्या ई-मेलच्या नेहमीच्या दारासारखेच होते. रंग तोच, अक्षर तेच. त्यांनी नाव घातले, शब्द घातला. पानाने फोनवर आलेला सहा आकडी क्रमांक मागितला. त्यांनी तोही घातला. पलीकडे बसलेला चोर तेच शब्द व तेच आकडे त्याच क्षणी खऱ्या दारावर वाजवीत होता. अर्ध्या तासात खात्याचा शब्द बदलला, खाते परत मिळविण्यासाठी नोंदविलेला फोन क्रमांक बदलला आणि त्यांच्या नावाने परिचितांकडे पैशांची याचना सुरू झाली. इंदूरच्या एका जुन्या स्नेह्याने आठ हजार रुपये पाठवूनही दिले.

पैशांचे दुःख त्यांनी पचविले. परंतु त्या खात्यात अकरा वर्षांचा पत्रव्यवहार होता, नातवाच्या बाप्तिस्म्याची छायाचित्रे होती, दिवंगत बंधूंचा आवाज होता. त्या ई-मेल सेवेकडे त्यांनी अर्जावर अर्ज केले; आपणच या खात्याचे धनी आहात अशी आमची खात्री पटत नाही, एवढेच उत्तर प्रत्येक वेळी आले. चोराने खुणा बदलल्यावर धनीच परका ठरला. त्यांना कोणी भोळे म्हणू नये. जे दार डोळ्यांना हुबेहूब दिसते त्याला डोळ्यांनी खोटे ठरवावे, अशी अपेक्षा आपण माणसाकडून करीत आलो आहोत, आणि ती अपेक्षाच मुळात अवास्तव आहे.

ही वार्ता शहापुरात राहणाऱ्या आमच्या मावशीच्या कानी गेली. मावशीचे वय शहात्तर. प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकविण्यात गेली. दुसऱ्याच दिवशी तिचा निरोप आला. आम्ही गेलो तो ती फोन पालथा घालून बसलेली.

“बाळ, माझं ते मेलचं खातं बंद करून टाक बघू.”

“मावशी, त्यात काकांची पत्रं आहेत की.”

“म्हणूनच तर. कुणी परक्यानं ती वाचायची, त्यापेक्षा नसलेली बरी.”

काका वीस वर्षे कुवेतला नोकरीस होते. २००८ सालापासून ते दर शुक्रवारी, म्हणजे त्यांच्या सुटीच्या दिवशी, मावशीला एक लांबलचक ई-मेल लिहीत. मराठी, परंतु इंग्रजी अक्षरांत, आणि त्यात भाजीच्या भावापासून वाळूच्या वादळापर्यंत सर्व काही. चारशेच्या वर अशी पत्रे होती. काकांना जाऊन आता सहा वर्षे झाली. खाते पुसून टाकावे तर ती पत्रे जातात. खाते तसेच ठेवावे तर त्याचे दार एका सात अक्षरी शब्दावर उभे, आणि तो शब्द म्हणजे मावशीच्या शाळेचे नाव. तिसरी वाट आहे, असे आम्ही तिला सांगितले, आणि तिची खात्री पटावी म्हणून आधी ती वाट आहे तरी काय, हे समजावून द्यावे लागले. शिक्षकाला शिकविणे सोपे नाही, वाचकहो.

या तिसऱ्या वाटेला ‘पासकी’ म्हणतात. मराठीत तिला आम्ही ‘परवलीची किल्ली’ म्हणू. कोणाला याहून चांगला शब्द सुचल्यास अवश्य कळवावा. तिच्या मागची कल्पना १९७६ सालची. त्या वर्षी व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघा अमेरिकनांनी असे मांडले की एकमेकींशी गणिताने बांधलेल्या दोन किल्ल्या असाव्यात. एक खुशाल जगजाहीर करावी, दुसरी कोणास दाखवू नये, आणि पहिलीवरून दुसरी शोधून काढणे व्यवहारात अशक्य असावे. शास्त्रज्ञांची ही युक्ती सामान्य माणसाच्या खिशात यावयास बराच काळ लागला. फिडो अलायन्स या नावाने अनेक कंपन्यांचा संघ २०१३ साली लोकांपुढे आला. मार्च २०१९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिचे नियम प्रमाण म्हणून मान्य केले. मे २०२२ मध्ये अॅपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट या एरवी एकमेकांच्या अंगणात पाऊल न टाकणाऱ्या तिघांनी तिला आपल्या सर्व यंत्रांत स्थान देण्याचे एकत्र जाहीर केले. आणि मे २०२३ पासून ती गूगलच्या सर्वसाधारण खात्यांना लावता येऊ लागली.

मावशीला आम्ही शिक्क्याचा दाखला दिला. पूर्वी दरबारी कागदावर शिक्कामोर्तब होई. शिक्का धन्याच्या पेटीत राही. त्याचा ठसा मात्र सर्वांनी पाहिलेला असे. पासकी तयार करताना फोन असाच एक शिक्का आपल्या पोटात घडवितो आणि त्याच्या ठशाचा नमुना तेवढा खात्याच्या कचेरीत पाठवितो. पुढे आपण दारावर गेलो की कचेरी एक कोरा, पूर्वी कधीही न वापरलेला कागद पुढे करते: यावर ठसा उमटवा. फोन उमटवितो, कचेरी नमुन्याशी ताडून पाहते, दार उघडते. लाकडी शिक्क्याची नक्कल करता येते. ही गणिताची असल्याने ठसा पाहून शिक्का घडविता येत नाही. आजचा ठसा उद्याच्या कागदाला चालत नाही. कचेरीवर दरोडा पडला तरी चोराच्या हाती नुसते नमुने लागतात, आणि नमुन्याने कोणतेच दार उघडत नाही.

आणि शेजारच्या सद्गृहस्थांना जे नडले त्याचे काय? ते मर्म येथेच आहे. शिक्का घडविताना फोन त्यावर त्या संकेतस्थळाचा पत्ता जणू कोरून ठेवतो. पुढे खोटे पान समोर आले, त्याचा रंग तोच, अक्षर तेच, तरी पत्त्यात कोठे तरी फरक असणारच. आणि फोन रंग पाहत नाही, पत्ता पाहतो. पत्ता जुळला नाही की त्या दारासाठी शिक्का पेटीतून निघतच नाही. माणूस घाबरून तो देऊ म्हणेल तरी देता येत नाही, कारण त्याला स्वतःला तो ठाऊकच नसतो. यार्देनेच्या उतारावरील खूण ती हीच. फरक इतकाच की येथे तिने कोणाचे रक्त सांडत नाही.

मावशीने हे सर्व ऐकून घेतले व एकच प्रश्न विचारला, “म्हणजे माझा अंगठा अमेरिकेला जाणार?”

हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. उत्तर असे की अंगठा कोठेही जात नाही. फोन उघडण्यासाठी आपण जे करतो, बोट टेकवितो, चेहरा दाखवितो किंवा आकडे दाबतो, तेच येथे करावयाचे. बोट फक्त फोनला सांगते की धनी हजर आहे, पेटी उघड. बोटाची खूण फोनातच राहते; कचेरीला ठशाखेरीज काही पोहोचत नाही.

प्रत्यक्ष कामाला पाव तास लागला, आणि त्यातील दहा मिनिटे अंगठ्याने घेतली. तीस वर्षांचा खडू आणि त्याहून अधिक वर्षांची चूल यांनी मावशीच्या बोटांवरील रेषा झिजून गेल्या आहेत. फोनला काही केल्या अंगठा वाचता येईना. आम्ही तो नाद सोडला व सहा आकड्यांचे कुलूप फोनला लावले. मावशीला तेथे लग्नाची तारीख हवी होती. ती आम्ही लावू दिली नाही, कारण लग्नाच्या छायाचित्राखाली ती भिंतीवर टांगलेली आहे! दुसरे आकडे तिने मनाशी ठरविले व ते आम्हांलाही सांगितले नाहीत. त्यानंतर गूगल खात्याच्या पानावर सुरक्षेच्या सदरात ‘पासकी’ असे लिहिलेले आहे तेथे जाऊन ‘पासकी तयार करा’ यावर बोट ठेवले, फोनने आकडे विचारले, तिने दाबले, काम झाले. यासाठी अँड्रॉइडची नववी आवृत्ती किंवा त्यापुढची लागते व फोनला पडद्याचे कुलूप असावेच लागते. काही फोनांवर ही किल्ली आपोआप तयार होऊन बसलेली आढळते. तशी आढळल्यास दचकू नये.

त्याच पानावर सध्या हे खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडे आहे याची यादी असते. मावशीच्या यादीत एक जुना फोन निघाला, जो तिने चार वर्षांपूर्वी दुकानात देऊन टाकला होता. तो तेथल्या तेथे काढून टाकला. आमच्या मते नव्या किल्लीइतकेच हे काम महत्त्वाचे आहे, आणि ते बहुतेक घरी राहून जाते.

“फोन विहिरीत पडला तर?” हा मावशीचा दुसरा प्रश्न. तिच्या परसात खरोखरच विहीर आहे. किल्ली केवळ त्या एका फोनात अडकून राहत नाही. गूगलच्या किंवा अॅपलच्या कुलूपबंद तिजोरीत तिची प्रत राहते आणि त्याच खात्याने नवा फोन सुरू करून जुन्या फोनचे पडद्याचे आकडे दिले की ती तेथे उतरते. म्हणून ते आकडे विसरता कामा नये. तरीही आम्ही केवळ तिजोरीवर विसंबलो नाही. आमच्या पुतणीच्या संगणकाजवळ बसून एक प्रयोग करून पाहिला: संगणकाने चौकटींचे चित्र दाखविले, मावशीने फोनच्या कॅमेऱ्याने ते टिपले, आकडे दाबले, आणि काकांची पत्रे मोठ्या पडद्यावर उघडली. यासाठी दोन्ही यंत्रांचे ब्लूटूथ चालू असावे लागते, कारण फोन खरोखर संगणकाजवळ आहे की नाही हे तपासले जाते. दूरदेशी बसलेल्या चोराला हे चित्र पाठवून फसविता येऊ नये म्हणून ही तजवीज. संगणक पुतणीचा असल्याने त्यावर निराळी पासकी मात्र केली नाही. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या यंत्रावर ती कधीही करू नये. ज्याच्या हाती यंत्राचे कुलूप, त्याच्या हाती आपले दार.

शिवाय खात्याकडून आठ-आठ आकड्यांचे दहा क्रमांक मिळतात, अडीअडचणीला प्रत्येकी एकदाच वापरण्यासाठी. ते मावशीने पाटीवर लिहावे तशा वळणदार अक्षरात कागदावर उतरविले आणि तो कागद घराच्या उताऱ्याबरोबर ट्रंकेत ठेवला. जुना परवलीचा शब्दही खात्यातून नाहीसा होत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मागचे दार तसेच राहते. तेव्हा शाळेचे नाव काढून त्या जागी एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द जोडून नवा शब्द केला, तोही त्याच कागदावर लिहिला, आणि मावशीला बजावले की यापुढे कोणतेही पान हा शब्द मागू लागले तर प्रथम हात आवरावा व आम्हांला फोन करावा.

या किल्लीचे सर्वच गोडवे गावे असे नाही. कंपन्या हल्ली ‘पासकी तयार करा’ असे वेळीअवेळी पुढे करतात, परंतु ती काय आहे हे दोन सरळ वाक्यांत सांगण्याचे कष्ट घेत नाहीत. म्हातारी माणसे घाबरून नको म्हणतात, तरुण न वाचता हो म्हणतात. एका कंपनीच्या तिजोरीतील किल्ल्या दुसरीच्या तिजोरीत हलविणे हे अजूनही त्रासाचे आहे; फिडो अलायन्सने त्यासाठीच्या नियमांचा मसुदा २०२४ सालच्या ऑक्टोबरात पुढे ठेवला आहे, पण किल्ल्या लोकांच्या खिशात, तिजोऱ्या मात्र कंपन्यांच्या ओसरीवर, ही स्थिती आम्हांला फारशी रुचत नाही. आणि ही किल्ली खात्याचे दार राखते, माणसाचे मन राखत नाही. पोलिसाचा वेष करून ‘डिजिटल अटक’ केल्याची धमकी देणाऱ्याला कोणी आपल्या हाताने पैसे पाठविले, तर पासकी काय करणार? अशी अटक कायद्यात नाहीच. तसे काही घडून पैसे गेले तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक मावशीने फोनच्या पाठीवर चिकटवून ठेवला आहे.

तिची बँक व पेन्शनचे संकेतस्थळ अद्याप जुनाच शब्द मागतात, त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह. त्यांच्यासाठी वही राहिली आहे. काकांची पत्रे ती आता दर शुक्रवारी एक याप्रमाणे पहिल्यापासून वाचते. परवा २००९ सालच्या मार्चपर्यंत आली होती.

शेजारच्या सद्गृहस्थांनी नवे खाते उघडले व त्यावर पासकी लावून घेतली. जुन्या खात्यासाठी ते अजूनही पंधरवड्यातून एकदा अर्ज भरून पाहतात.